फणसाच्या वाडग्याची गोष्ट

मागच्या पावसात परसातल्या फणसाची मोठी फांदी पडली, आई म्हणाली चुलीत घाल, मी म्हटलं थांब. लहानपणी सावंतवाडीच्या चितार आळीत लाखेचे रंग चढवलेली खेळणी बघत तासन्‌तास उभा राहायचो, फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाने ती वितळते नि रंग चढतो, तेव्हापासूनची खाज आहे ही.

तर फांदी उभी चिरली, मधला गाभा काढून टाकला कारण तो ठेवला की वाडगा तडकतोच तडकतो. ओलं लाकूड कातायला मजा येते राव! लेथ म्हणजे लाकूड गरागरा फिरवणारं यंत्र, ते मिनिटाला सहाशे फेऱ्यांच्या आसपास, गोल पटाशीच्या (खोलगट पात्याच्या छिन्नीच्या) धारेमागचा उतार आधी नुसता लाकडाला टेकवायचा, मग मूठ हळूच वर, की ओल्या पिवळ्याधमक फिती अंगावर उडायला लागतात, हळदीला गेल्यासारखा दिसत होतो. बाहेरून बुडाकडून काठाकडे, आतून काठाकडून मध्याकडे. उलटं गेलात की पटाशी अडकते नि वाडगा तोंडावर येतो, त्यामुळे फेसशील्ड घालाच.

दहा इंची वाडग्याची भिंत इंचभर जाड ठेवली, जिथे लाकडाचे तंतू आडवे कापले जातात त्या बाजूंना मेण फासलं आणि माळ्यावर टाकला. दर रविवारी आईच्या किचनच्या वजनकाट्यावर ठेवायचो, वजन घटायचं थांबेपर्यंत पाच महिने गेले. एवढ्यात तो गोलाचा अंडाकृती झालेला, आडवा आणि उभा यात जवळपास अर्धा इंच फरक. म्हणून तर भिंत जाड ठेवायची, पुन्हा गोल करायला लाकूड उरलं पाहिजे.

दुसरं कातकाम झकास झालं, पॉलिशपेपर १२० पासून ४०० पर्यंत, आतून गुळगुळीत. आणि इथे माती खाल्ली. चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, धरायला बुडाला जो अर्धा इंचाचा खुंट ठेवतात ना, तो मी वाडग्याच्या उंचीत मोजला होता, त्यामुळे आतून तेवढं जास्तच खोल कोरलं गेलं. वाडगा उलटा लावून खुंट काढत गेलो तर शेवटी बुडातून पलीकडचा बल्ब दिसायला लागला, रुपयाएवढं भोक!

दोन दिवस त्याच्याकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी बघतो तर ओट्यावर, आत लसूण भरलेला. आई म्हणे, "हवा लागते खालून, बरा केलास. कांद्याला एक मोठा कर."