माळीकाम सोडायचं का? आधी हा हिशोब मांडा

सोसायटीत माळीकाम करून हातात साडेअकरा हजार पडतात. समोरच्या गल्लीतले बंगलेवाले आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास यायचे बाराशे देतो म्हणतात. म्हणजे महिन्याला १३ तासांचे १,२००, तासाला ९२ रुपये. असे दहा बंगले धरले की सुटलो, असं वाटतं. पुण्याकडच्या वाकड, बाणेर, हडपसरच्या कितीतरी माळ्यांनी या एका आकड्यावर नोकरी सोडली असेल. आकडा खोटा नाही, पण अर्धाच आहे.

नोकरीचा तास आधी नीट काढा. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, त्या जागी स्वतःचे घाला. हातात ११,५००. त्यातून येण्या-जाण्याचे १,२०० गेले, बूट, हातमोजे आणि कात्रीला धार लावायचे ३०० गेले. उरले १०,०००. काम साडेआठ तास, प्रवास दीड तास, असे १० तास गुणिले २६ दिवस, म्हणजे २६० तास. तासाला साडेअडतीस रुपये. वाईटच आहे.

आता फंड, म्हणजे भविष्य निर्वाह निधी किंवा पीएफ. समजा तो १२,००० वर कापतात. तुमचे १२ टक्के म्हणजे १,४४० तुमच्या नावावर जमा होतात, आणि मालकाने, म्हणजे ज्याच्या नावावर तुम्ही कामाला आहात त्याने, वरून तेवढेच भरायचे असतात. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शनला जातात आणि ती पेन्शन मिळायला एकूण १० वर्षं भरावी लागतात, तरी पैसा तुमचाच. हे २,८८० धरले तर तासाला साडेएकोणपन्नास पडतात. शिवाय ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असेल तर घरच्यांचं औषधपाणी त्यावर होतं, आणि एखादं ऑपरेशन निघालं की त्या कार्डाची किंमत कळते.

बंगल्याकडे वळू. एका बंगल्यावरून दुसऱ्यावर जायला अर्धा तास धरा. महिन्याचे १३ तास सव्वासतरा होतात, दर ६९ वर येतो. मग मे महिन्यात बंगल्याचे मालक मुलाकडे अमेरिकेला जातात आणि "या महिन्यात येऊ नका" म्हणतात. नोव्हेंबरनंतर गवताची वाढ मंदावते, तेव्हा "आठवड्यातून एकदाच या" सुरू होतं. वर्षाचे १० महिने पैसे मिळाले असं धरलं तर तासाला ५८. यात पेट्रोल आणि मशीन अजून धरलेलं नाही. सरासरी महिना १२,००० करायला असे १२ बंगले लागतात, म्हणजे आठवड्याच्या २४ फेऱ्या, रोज चार. सगळे मिळून २०८ तास. नोकरीपेक्षा महिन्याला ५२ तास वाचतात, पैशात मात्र फारसा फरक पडत नाही.

म्हणून फंड खरोखर भरला जातोय की नाही, यावर सगळं फिरतं. उमंग या सरकारी ॲपवर फंडाचं पासबुक उघडा. गेल्या महिन्याचा भरणा या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला हवा. दोन-तीन महिने रिकामे दिसले, किंवा स्लिपवर मालकाचा वाटाही तुमच्याच पगारातून वळता केलेला दिसला, तर ती नोकरी साडेअडतीसचीच आहे. मग बंगल्याचे ५८ खरंच जास्त. भविष्य निर्वाह निधीच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका आणि सोडायच्या तयारीला लागा.

पगार नक्की कुणामुळे कमी आहे, तेही बघा. ठेकेदारामार्फत लागला असाल तर सोसायटी त्याला दर माळ्यामागे किती देते ते कमिटीच्या बिलात लिहिलेलं असतं, आणि एखादा बरा सभासद ते सहज दाखवतो. बिल १८,००० चं आणि तुमच्या हातात साडेअकरा, तर फंड, ईएसआय आणि ठेकेदाराचं कमिशन वजा करूनही मधे काहीतरी मुरत असू शकतं. अशा वेळी जागा सोडू नका, ठेकेदार बदलायची वाट बघा. करार बहुतेक ठिकाणी ११ महिन्यांचा असतो. नवा ठेकेदार आला की तो बागेची माहिती असलेली जुनीच माणसं ठेवतो, आणि पगाराचं बोलायचं ते तेव्हाच, पहिली हजेरी लागायच्या आधी. किमान वेतनाचा तक्ता कामगार आयुक्त कार्यालयात मिळतो. महाराष्ट्रात परिमंडळाप्रमाणे, म्हणजे भागाप्रमाणे, दर वेगळे आहेत आणि महागाईप्रमाणे ठरणारा विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो, तेव्हा ताजा तक्ता घ्या. छाटणी, फवारणी आणि ग्रासकटर चालवणाऱ्या माणसाला अकुशल दाखवून कमी दर लावणं ही नेहमीची चलाखी आहे.

बिलच कमी असेल तर वाढ कमिटीकडून यायला हवी, आणि ती मागायची वेळ जुलै-ऑगस्ट. सहकारी सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि वर्षाचा खर्च तिथे मंजूर होतो. दिवाळीला मागितलं की "पुढच्या वर्षी बघू" हे ठरलेलं उत्तर. अर्जात "परवडत नाही" लिहून उपयोग नाही, मोजमाप लिहा: लॉन ४,००० चौरस फूट, हेज (झुडपांचं कुंपण) २५० फूट, कुंड्या १८०, गेल्या वर्षात वाढलेली कामं कोणती. टाकी धुणं, कचरा उचलणं, नारळ उतरवणं ही माळ्याची कामं नाहीत हेही त्यातच. अर्जाच्या प्रतीवर सेक्रेटरींची तारखेसह सही घ्या.

काही ठिकाणी मात्र हिशोब मांडत बसू नये. दोरी-पट्ट्याशिवाय माडावर चढवतात, किंवा हातमोजे न देता औषध मारायला लावतात, तिथून निघा. औषधाच्या बाटलीवरचा त्रिकोण बघत जा. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. झाड तोडायला महापालिकेची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे. "तोड रे, मी बघतो" म्हणणारे चेअरमन कुऱ्हाड हातात असलेल्याच्या मागे उभे राहतीलच असं नाही.

निघायचंच ठरलं तर मेअखेर बरी. मेमध्ये गावाला जाणारे पाणी घालायला माणूस शोधतात, त्यातून घरं ओळखीची होतात. जूनपासून गवत कापायला आणि लावणीला हात कमी पडतात. दिवाळीला सोडणारा थेट मंदीत उतरतो. सोडायच्या आधीच्या थंडीत रविवारी दोन-तीन बंगले धरून बघा. पैसे वेळेवर देतात का, हे तीन महिन्यांत कळतं. सहा पक्के होईपर्यंत नोकरी धरून ठेवा.

साडेचार वर्षं झाली असतील तर आणखी सहा महिने काढाच. पाच वर्षांनंतर ग्रॅच्युइटी लागते: शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. १२,००० वर पाच वर्षांचे साधारण ३४,६०० होतात. मधे ठेकेदार बदललेला असेल तर नव्याकडची सेवा शून्यापासून धरायला बघतात. जुनी ओळखपत्रं आणि स्लिपा म्हणूनच टाकायच्या नाहीत.

कागदात सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती नावात. आधारवर "ज्ञानेश्वर" आणि फंडात "दन्यानेश्वर", किंवा जन्मतारखेत फरक. दुरुस्तीला मालकाची मंजुरी लागू शकते, आणि सोडून गेल्यावर फोन कुणी उचलत नाही. हे नोकरीत असतानाच उरका. निघताना नोकरी सोडल्याची तारीख फंडात टाकून घ्या. त्यांनी नाही टाकली तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी स्वतः टाकता येते. उचल घेतली असेल तर किती फिटली ते लिहून घ्या, नाहीतर शेवटच्या पगारातून मनाला येईल तेवढी कापतात. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्याप्रमाणे राजीनामा दिलेल्याचं राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं.

बाहेर पडल्यावर मशीन लगेच विकत घेऊ नका. पहिला पावसाळा भाड्याने काढा. भाड्याच्या टू-स्ट्रोक ग्रासकटरमध्ये तेलाचं प्रमाण विचारूनच पेट्रोल भरा. ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४०. नुसतं पेट्रोल भरलं की पिस्टन धरतो आणि भरपाई तुमच्या खिशातून जाते.

महिन्याच्या बाराशेत कुणाचं भलं होत नाही, कमाई अंगावर घेतलेल्या कामात आहे: कुंड्या बदलणं, खत घालणं, नवी लावणी. तिथे फसगत होते ती न मोजता दर सांगितल्याने. १२ इंची कुंडीला साधारण १५ लिटर मिश्रण लागतं. ४० कुंड्या म्हणजे ६०० लिटर: ३०० माती, १५० शेणखत किंवा गांडूळखत, १५० कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). पाच किलोची कोकोपीटची वीट भिजवून ७० लिटरच्या आसपास होते, म्हणजे दोन विटा आणि थोडं वर. वर कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. माती तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार आणि जुनी माती कुठे टाकायची, हे दर सांगायच्या आधी विचारा. लिफ्टमधून माती न्यायला बंदी असेल तर मजुरी जवळपास दुप्पट धरा.