माचा: आधी पाण्यात, मग दुधात

पुण्या-मुंबईच्या कॅफेंमध्ये माचा, म्हणजे जपानी हिरव्या चहाची बारीक पूड, आता दूध, साखर आणि बर्फ घालून सर्रास मिळतो आणि आपल्यापैकी बहुतेकांची त्याच्याशी पहिली ओळख अशाच पेल्यातून होते. त्या पेल्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र ज्याने माचा केवळ दुधातच चाखला आहे, त्याला तो इतका महाग का आणि जपानी लोक त्यासाठी एवढा खटाटोप का करतात, हे कळायला वावच राहत नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की सुरुवातीला काही दिवस माचा नुसत्या पाण्यात घ्यावा.

झाड आसाम-निलगिरीच्या चहाचेच, म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिस. फरक पडतो तो सावलीने. क्योतोजवळच्या उजी परिसरात वसंतातली पहिली खुडणी होण्याआधी सुमारे तीन आठवडे मळ्यांवर आच्छादन घालतात. पूर्वी बोरूच्या चटया आणि त्यावर भाताचा पेंढा असे, आता बहुतेक ठिकाणी काळे कापड असते. ऊन कमी मिळाल्यामुळे पान अधिक हरितद्रव्य तयार करते. मुळांकडून पानात येणाऱ्या थिआनिन या अमिनो आम्लाचे उन्हात तुरट कॅटेचिनमध्ये रूपांतर होत असते. सावलीत ते मंदावते आणि थिआनिन पानातच टिकून राहते. माचाचा गडद रंग आणि जिभेवर रेंगाळणारी ती भरीव, किंचित गोडसर चव या दोन्हींचे मूळ इथे आहे.

खुडलेले पान लगेच वाफवतात, त्यामुळे ते काळे पडत नाही. मग ते न वळता, सपाटच वाळवतात आणि देठ व शिरा काढून टाकतात. उरलेल्या पानाला तेंचा म्हणतात आणि तो ग्रॅनाइटच्या लहान जात्यावर दळला की माचा होतो. एका जात्यातून तासाला जेमतेम चाळीस ग्रॅम पूड निघते, कारण जाते वेगाने फिरवले तर दगड तापतो आणि सुगंध उडून जातो. किमतीचे निम्मे उत्तर या संथपणात आहे.

चहाची पूड गरम पाण्यात घुसळून पिण्याची रीत मुळात सोंग राजवटीच्या काळातल्या चीनची. बौद्ध भिक्षू एइसाई 1191 मध्ये चीनहून परतले तेव्हा ती जपानात रुजू लागली आणि 1211 मध्ये त्यांनी चहाच्या आरोग्यगुणांवर ग्रंथही लिहिला. चीनमध्ये ही रीत पुढे मागे पडली, जपानात मात्र थोर चहागुरू सेन नो रिक्यू (1522–1591) यांच्या काळापर्यंत तिची एक साधना झाली होती.

आता कृती. साध्या पातळ माचासाठी, ज्याला उसुचा म्हणतात, दोन ग्रॅम पूड आणि साठ ते सत्तर मिलिलिटर पाणी पुरते. पूड वस्त्रगाळ असली तरी डब्यात तिच्या गुठळ्या होतात, म्हणून ती बारीक चाळणीतून वाडग्यात चाळून घ्यावी. ही पायरी टाळली तर पुढे कितीही फेटले तरी गुठळ्या तोंडात येतात. पाणी उकळते नको, सत्तर ते ऐंशी अंश सेल्सिअस असावे, कारण त्याहून गरम पाण्यात तुरटपणा वर येतो. थर्मामीटर नसला तरी अडत नाही: उकळलेले पाणी एका कपातून दुसऱ्या थंड कपात ओतले की दर ओतण्याला ते साधारण दहा अंशांनी उतरते. बोअरवेलचे जड पाणी टाळावे, त्यात चव बोथट होते.

घुसळण्यासाठी चासेन, म्हणजे बांबूची छोटी रवी, लागतो. नारा प्रांतातल्या ताकायामा गावी तो बांबूच्या एकाच तुकड्यातून कोरतात. कांड्याची टोके चिरत चिरत केसासारखे बारीक दाते काढतात आणि ते आतल्या बाजूला वळवतात. वापरण्यापूर्वी तो क्षणभर कोमट पाण्यात बुडवावा म्हणजे दाते लवचिक होतात आणि मोडत नाहीत. वाडग्याचा तळ न खरवडता, केवळ मनगटाच्या हालचालीने तो भराभर पुढे-मागे न्यावा. ताक करताना रवी फिरते तसा गोल फिरवू नये. पंधरा-वीस सेकंदांत मोठे बुडबुडे येतात. मग चासेन थोडा वर घेऊन पृष्ठभागावर हलकेच चालवला की ते फुटतात आणि दाट, फिक्या हिरव्या रंगाचा बारीक फेस राहतो. पूड विरघळत नाही, नुसती तरंगत असते, म्हणून चहा लगेच प्यावा. जपानात त्याआधी एखादी गोड मिठाई खातात. ही प्रथा मला फार शहाणपणाची वाटते, कारण त्यामुळे चहात साखर घालावीशी वाटत नाही.

ही चव एकदा ओळखीची झाली की दुधाकडे जरूर वळावे. दुधासाठी महागडी पूड वापरणे व्यर्थ आहे. तिचे बारकावे दुधात हरवतात आणि थोडी तुरट, स्वस्त पूडच तिथे उठून दिसते. आइस्क्रीम किंवा बासुंदी यांतही तो छान लागतो, पण बासुंदी उतरवून निवल्यावरच घालावा, कारण उष्णतेने आणि आंबटपणाने हरितद्रव्य मळकट तपकिरी होत जाते. जपानी लोक मिठात माचा मिसळून तेम्पुरा या भज्यांसारख्या तळलेल्या पदार्थाबरोबर खातात; गरम कांदाभज्यांवर तेच करून पाहावे.

विकत घेताना डब्यावरच्या ‘सेरेमोनियल’ (समारंभासाठीचा) या शब्दावर विसंबू नये, त्यामागे कोणतेही अधिकृत मानक नाही. रंग पाहावा: पिवळट किंवा खाकी पूड म्हणजे उन्हातले, उशिरा खुडलेले किंवा जुने झालेले पान. उजी किंवा आयची प्रांतातले निशिओ असा प्रदेशाचा उल्लेख असेल तर उत्तम. मोठा डबा घेऊ नये. हवा, उजेड आणि आपल्याकडची दमट हवा यांनी पूड लवकर उतरते. डबा घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवावा आणि बाहेर काढल्यावर पूर्णपणे खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावा, नाहीतर आत दव धरते.

आरोग्याबद्दल बरेच अवाजवी बोलले जाते, त्यातले दोनच मुद्दे मी महत्त्वाचे मानते. आपण पूर्ण पान पितो, त्यामुळे दोन ग्रॅममध्ये सुमारे साठ मिलिग्रॅम कॅफिन असते. झोप हलकी असणाऱ्यांनी तो दुपारनंतर घेऊ नये. आणि चहातली तुरट द्रव्ये अन्नातले, विशेषतः शाकाहारी जेवणातले लोह नीट शोषू देत नाहीत. आपल्याकडे स्त्रियांमध्ये रक्तक्षय इतका आढळतो की हे ठासून सांगायला हवे: माचा जेवणासोबत किंवा जेवण झाल्याझाल्या न घेता, मध्ये तास-दीड तास जाऊ द्यावा.