जास्त चुका सांगणारी टीम

एमी एडमंडसन हे नाव मी एमबीएच्या पोरांना पहिल्याच आठवड्यात सांगते. बाई आधी बकमिन्स्टर फुलर या अमेरिकन आर्किटेक्ट-संशोधकाकडे चीफ इंजिनियर होत्या, नंतर हार्वर्डला पीएचडी करताना हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुकांवर काम करायला लागल्या. अंदाज सरळ होता, टीम चांगली तर चुका कमी. आकडे आले ते बरोब्बर उलटे, चांगल्या टीममध्येच चुका जास्त! त्यांच्या डोक्यात आलं की या टीम चुका जास्त करत नसतील, जास्त सांगत असतील. मग ज्याला हा अंदाज माहीतच नव्हता अशा माणसाला वॉर्डात बघायला पाठवलं, तर खरंच काही ठिकाणी नर्स मोकळेपणाने बोलायच्या आणि काही ठिकाणी भीतीने तोंडच उघडायच्या नाहीत. पुढे १९९९ मध्ये एका मॅन्युफॅक्चरिंग कंपनीतल्या ५१ टीमचा अभ्यास करून त्यांनी सायकॉलॉजिकल सेफ्टीवरचा, म्हणजे टीममध्ये न घाबरता बोलता येण्यावरचा, पेपर लिहिला. पूर्ण करिअर उभं राहिलं ते त्या उलट्या आकड्यांवर, आणि मला या बाईंचं भयंकर कौतुक आहे.

मी पुण्यात लीडरशिप आणि वर्क कल्चर यावरच रिसर्च करते. चाकणच्या एका कारखान्यात सकाळच्या शिफ्टची मीटिंग बघत होते, परमनंटवाले पुढे, कंत्राटी पोरं मागे, त्यांचे शर्टही वेगळ्या रंगाचे. सुपरवायझरने विचारलं, काही प्रॉब्लेम? सगळे गप्प. नंतर कॅन्टीनमध्ये लातूरकडचा एक पोरगा हळूच म्हणाला, "मॅडम, तीन नंबरच्या प्रेसचा आवाज परवापासून बदललाय." मग तिथे का नाही बोललास? "मी कंत्राटी आहे ना, परमनंटवाले सांगतील की." त्याला विचारून, नाव न घेता, मी ते मेंटेनन्सच्या साहेबांच्या कानावर घातलं.

इन्क्लूजन, म्हणजे सगळ्यांना सामावून घेणं, म्हटलं की कंपन्या किती बायका, किती दिव्यांग, याचे आकडे दाखवतात. आकडे हवेतच. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कॅंटर यांनी १९७७ मध्येच दाखवलं होतं की गटात अगदी मोजक्याच बायका असल्या की प्रत्येकीकडे 'बायकांची प्रतिनिधी' म्हणून बघितलं जातं, तिची चूक सगळ्या बायकांच्या नावावर लागते, मग ती कशाला बोलेल? हिंजवडीच्या आयटी कंपन्यांमधल्या माझ्या विद्यार्थिनी अजूनही हेच सांगतात. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने १० किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती लागतेच, कागदावर ती असतेही, पण मी शॉपफ्लोअरवर विचारलं की समितीत कोण कोण आहे तर बऱ्याच जणी एकमेकींकडे बघतात. तक्रार एकही नाही हे मॅनेजमेंट अभिमानाने सांगते आणि मला तेव्हाच काळजी वाटायला लागते.

म्हणून आता कुठल्याही कंपनीत गेले की माझी पहिली मागणी असते, कंत्राटी माणसाने सांगितलेली एखादी चूक दाखवा आणि पुढे तिचं काय झालं ते सांगा. चाकणला आता मीटिंग मागच्या रांगेपासून सुरू करून बघायचं ठरलंय, तेही सुपरवायझरने स्वतःहून सुचवलं. सोमवारच्या पहिल्या शिफ्टला मी जाणार आहे.