तेरा सेंटिमीटरचा घोळ

गळ टाकायला गोठलेल्या पाण्यावर जाण्याआधी बर्फाची जाडी थंडीच्या दिवसांवरून काढतो; मागच्या नोंदीत त्या वर्गमुळाच्या हिशेबाची बढाई मारली होती, तो जुळला म्हणून. ती मागे घेतो.

शनिवारी पहाटे काठाजवळ बर्फाला भोक पाडलं, खालच्या कडेला अडकवायचा आकडा (हूक) घातला, मोजलं. १३. वहीतला अंदाज १३.४. इतकं जुळल्यावर मी हवेतच होतो. सामान उचलेपर्यंत दादा पहार घेऊन पुढे निघालासुद्धा. सात-आठ पावलांवर त्याने पहार मारली आणि ती खचकन आत गेली. भोकातून पाणी वर आलं, त्याच्या बुटांभोवती पसरलं.

"दादा, थांब तिथेच! हलू नकोस!"

तो शांतपणे पहार दाबून बघत होता. "अरे, खाली लागतंय काहीतरी. टणक आहे."

टणक असो नाहीतर नसो, त्याला आडवा व्हायला लावलं. गेल्या वाटेनेच तो सरपटत परत आला. मग काठालगत, जिथे खाली गुडघाभर पाणी आहे तिथे, करवतीने चौकोनी ठोकळा कापला. उचलताना वरची खपली सुटून वेगळीच हातात आली. ४ सेंटिमीटर, दुधट, बुडबुड्यांनी भरलेली. तिच्याखाली ४ सेंटिमीटर लगदा, बोटाने ढकलला की ओघळणारा. त्याखाली काळा बर्फ, काचेसारखा, आरपार हातमोजा दिसेल असा. पण किती? ५ सेंटिमीटर.

४ + ४ + ५ = १३. माझा आकडा खालच्या कडेला अडकला आणि मी पट्टीवर वरपर्यंतचं अंतर वाचलं. मधला लगदाही बर्फ म्हणून मोजला गेला. सूत्र चुकलं, मोजमाप चुकलं, आणि दोन्ही चुका एकमेकींना साक्ष देत उभ्या राहिल्या. उत्तर जुळलं नसतं तर मी निदान दुसरं भोक पाडलं असतं.

आता सूत्राकडे. सात दिवस सरासरी उणे ७, म्हणजे ४९ अंश-दिवस (रोज शून्याखाली किती अंश, त्याची बेरीज). वर्गमूळ ७, त्याला गुणक २ ने गुणलं, जाडी १४ सेंटिमीटर. इथवर ठीक. मग दोन दिवस अधिक २ आणि वर पाऊस. मी सरळ ४ वजा केले, ४५ चं वर्गमूळ ६.७, म्हणून १३.४. घोळ इथेच आहे. हे वर्गमुळाचं सूत्र श्टेफानचं, ते बर्फ खालून कसा वाढतो ते सांगतं. पाण्यातली उष्णता बर्फातून वर जाते, थर जाड होत जातो तशी तिची वाट लांबते, म्हणून वर्गमूळ. वितळण्याचा हिशेब त्यात नाहीच. तो वरून होतो, ऊन, वारा आणि पावसाने, आणि त्याला वर्गमुळाशी काही देणंघेणं नाही.

त्यात दुसऱ्याच दिवशी १२ सेंटिमीटर हिम पडलं होतं. हिम म्हणजे गोधडी, गारठा खाली पोचूच देत नाही. गुणक तेव्हाच खाली आणायला हवा होता. पुढे पावसाने हिम भिजलं, लगदा झाला, पुन्हा थंडी आली तेव्हा त्याची वरची साय गोठली. मधला लगदा शून्य अंशावर बसून राहिला. तो सगळा गोठेपर्यंत वरची थंडी काळ्या बर्फाला मिळतच नाही. म्हणजे रात्री मी थंडीत कुडकुडत अंश-दिवस लिहीत होतो आणि खालचा थर जिथल्या तिथे!

ताकदीच्या हिशेबात वरचा पांढरा थर निम्मा आणि लगदा शून्य धरला तर २ + ५ = ७. पायी जायला स्वच्छ काळा बर्फ किमान १० सेंटिमीटर हवा. म्हणून गळ पेटीतच राहिले.

हिवाळे उबदार होतात म्हणजे बर्फ नुसता पातळ होतो, असं मी आजवर धरून चाललो होतो. आता पटलं की खरी पंचाईत थरांची आहे. पाऊस, गोठणं, परत पाऊस. २०२० मध्ये सपना शर्मा आणि सहकाऱ्यांनी दहा देशांतले हिवाळ्यात बुडून झालेले मृत्यू तपासले, तेव्हा हवा उणे ५ ते शून्याच्या दरम्यान येते तसे ते झपाट्याने वाढलेले दिसले. आमचा सगळा मोसम आता त्याच पट्ट्यात सरकलाय.

हत्यारांबद्दल एक मत, कोणाला राग आला तर येऊ दे. विजेचं ऑगर (बर्फाला भोक पाडायचा गिरमिट) इतकं झरझर उतरतं की लगदा लागला ते हाताला कळतच नाही. हाताने फिरवायचं ऑगर लगद्यात एकदम सैल पडतं. म्हणून पहिलं भोक हातानेच. आणि पहार. मोटारीचं ऑगर आल्यापासून अर्ध्या लोकांनी ती घरी ठेवलीय. भोक एका जागेचं सांगतं, पहार प्रत्येक पावलाचं.

चांगलं एकच घडलं. त्याच उथळ भोकात फ्लोट सूट (पाण्यावर तरंगवणारा पोशाख) घालून मी मुद्दाम उतरलो, दादा दोर धरून काठावर. थंड पाण्यात पडल्यावर काय होतं यावर संशोधन करणाऱ्या गिझब्रेख्टचा १-१०-१ नियम पाठ होता: पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, मग हातपाय चालतील अशी १० मिनिटं, आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास. पाठ असणं वेगळं. छाती अशी आवळली की आकडेच आठवेनात. पण श्वास बसल्यावर बाह्यांतून ओवलेले टोचे (बर्फात रोवून स्वतःला वर ओढायचे अणकुचीदार दांडे) बर्फात रोवले, पाय मागे पसरून लाथा मारल्या आणि तिसऱ्या झटक्याला पोटावर वर आलो. टोच्यांची प्लास्टिकची टोपणं मात्र गोठून बसली होती, एक दाताने काढलं. विकणाऱ्याने ती बहुधा उबदार खोलीत तपासली असावीत. दोन्ही टोपणं काढून टाकली, टोकांवर बुचं लावलीत.

पुढचा बेत तापमापकांची माळ बर्फात गोठवून ठेवायचा होता. निम्मी सोल्डर झालीय. पण हे लिहिता लिहिता सुचलं की आकडा खालून सरळ वर ओढायच्या ऐवजी भोकाची भिंत खरवडत आणला तर? लगद्यात तो आत रुतेल, टणक थरावर करकरेल. तेवढ्यासाठी आकड्याचं टोक घासून धारदार करायचं, बस. माळ राहू दे बाजूला. गुणकाचा हिशेबही मोडीत काढत नाही, पण पाऊस पडला की वहीत रेघ मारून शून्यापासून सुरू.

शुक्रवारी रात्री उणे ३, दुपारी अधिक २ सांगितलंय. काठावरून खरवडून बघतो, दादा दोर धरेल. आकडे आले की टाकतो.