भाचीच्या लग्नासाठी किल्ट निवडताना: एका मामाचा अनुभव

माझ्या भाचीचं लग्न स्कॉटलंडमध्ये, इन्व्हर्नेसजवळ झालं. मुलगा स्कॉटिश, आडनाव मॅकेंझी. मंगलाष्टकं, सप्तपदी वगैरे सगळं आधीच पुण्यात पार पडलं होतं. इथला समारंभ दुपारी दोन वाजता होता आणि रात्री जेवणानंतर ‘केली’, म्हणजे बँडच्या तालावर सगळ्यांनी मिळून नाचायचं. मी एडिनबरात बरीच वर्षं राहतो, म्हणून भाचीने हक्काने सांगितलं, "मामा, तू सूट नाही घालायचास. तू आणि बाबा, दोघांनी किल्ट."

किल्ट म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा कमरेला गुंडाळायचा, निऱ्यांचा, गुडघ्यापर्यंतचा पोशाख. एवढ्या वर्षांत मी तो घातला नव्हता. आपल्याला तो घालायचा अधिकार आहे का, हाच प्रश्न मला नेहमी पडायचा. कलोडनच्या लढाईत हायलँडच्या, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, बंडखोरांचा पराभव झाल्यावर ब्रिटिश संसदेने १७४६ मध्ये कायदा करून स्कॉटलंडमधल्या पुरुषांना हा पोशाख बंद केला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षं काळं पाणी. मुभा फक्त सैन्यातल्या लोकांना. ही बंदी उठली १७८२ मध्ये, म्हणजे मधे एक पिढी या कापडाशिवाय वाढली. हे ठाऊक असल्यावर एडिनबरातल्या रॉयल माइल या रस्त्यावरच्या दुकानात टांगलेला ॲक्रिलिकचा किल्ट उचलून लग्नाला जाणं मला जमणारं नव्हतं. घालायचा तर नीट, रीतीने.

पहिला प्रश्न टार्टनचा, म्हणजे किल्टच्या कापडावरच्या रंगीत चौकटींच्या नक्षीचा. कोणती चौकट कोणी घालायची याचा सर्वसाधारण कायदा नाही, जे आहे ते संकेत आहेत. काही टार्टन राखीव असतात, बालमोरल राजघराण्याचं आहे. बाकी आडनावांची घराण्यांची, काही गावांची नि जिल्ह्यांची, आणि काही कोणीही घालावीत अशी. सगळ्यांची अधिकृत नोंदवही आहे, स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स. २००८ च्या कायद्याने ती स्थापन झाली आणि तिच्यात कोणालाही मोफत शोध घेता येतो. कित्येक संध्याकाळी मी त्यातच घालवल्या.

ताईच्या व्याह्यांनी तर आपणहून फोन केला. म्हणाले, आता तुम्ही आमचेच, मॅकेंझी टार्टन घाला. घरच्या माणसाने असं बोलावणं म्हणजे पूर्ण परवानगी, आणि तो मान मोठा आहे. पण माझं मन अडलं. मॅकेंझी टार्टन लोकप्रिय झालं ते मुख्यतः सैन्यामुळे. ब्लॅक वॉच या सरकारी टार्टनवर पांढऱ्या आणि लाल रेघा घातल्या की ते तयार होतं, आणि १७९३ मध्ये उभ्या राहिलेल्या ७८व्या हायलँड पलटणीचं ते टार्टन. हीच पलटण २३ सप्टेंबर १८०३ ला असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभी होती. नंतर त्या पलटणीच्या चिन्हावर हत्ती आला आणि त्याच्यावर ‘असई’ हा शब्द. असई जालना जिल्ह्यात आहे, आणि आमचं मूळ गावही जालना जिल्ह्यातलंच.

मी हे व्याह्यांना सरळ सांगितलं. त्यांना असई माहीत होती. त्यांच्या घराण्यातलं कोणी तिथे होतं का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही तो विषय लांबवला नाही. "तुम्हाला जे बरं वाटेल ते घाला," एवढंच म्हणाले. शिवाय आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटत होती. मामा वधूपक्षाचा. नवरदेव, त्याचे वडील, त्याचे करवले सगळे मॅकेंझीत असताना मीही त्यातच उभा राहिलो तर मुलीच्या बाजूने कोण उभं आहे ते दिसणारच नाही.

शेवटी हंटिंग स्टुअर्ट ठरवलं. ज्याला स्वतःचं घराणं नाही त्याने खुशाल घालावं असं ते मानलं जातं. हिरवी जमीन, निळे-काळे पट्टे, त्यात लाल आणि पिवळी बारीक रेघ. नावात हंटिंग असलं की रंग साधारण रानातले, दबके असतात, तर ड्रेस म्हटलं की पांढरी जमीन. मॅकेंझीही हिरवं-निळंच, त्यामुळे फोटोत शेजारी उभं राहिलं तरी खटकत नाही, आणि एकसारखंही दिसत नाही.

रंगाची एक गंमत दुकानात गेल्यावर कळते. एकच टार्टन एन्शंट, मॉडर्न आणि वेदर्ड अशा छटांत मिळतं. याचा वयाशी संबंध नाही. एन्शंट म्हणजे जुन्या वनस्पतिरंगांसारखी फिकी छटा, मॉडर्न म्हणजे रासायनिक रंगांची गडद, वेदर्ड म्हणजे ऊनपावसाने विटल्यासारखी. नमुन्याचा तुकडा दुकानातल्या दिव्याखाली बघून ठरवू नका, दाराबाहेर न्या. मी मॉडर्न घेतलं.

भाड्याने की विकत? एका दुकानातून मी आधी भाड्याचा मागवून पाहिला. आला तो पातळ, लोकर नसलेला, चालताना पायाला चिकटणारा. किल्टची सगळी शान त्याच्या वजनात आहे. मागच्या निऱ्या पावलागणिक हलल्या पाहिजेत आणि लगेच जागेवर बसल्या पाहिजेत. पातळ कापड हे करूच शकत नाही. म्हणून किल्ट विकत, कोट भाड्याने, असा निर्णय घेतला, आणि ज्याला इथे राहायचंय त्याला मी हाच सल्ला देईन. एका लग्नापुरतं येणाऱ्याने सगळंच भाड्याने घ्यावं, फक्त कापड शुद्ध लोकरीचं आहे का ते आधी विचारावं.

शिवणाऱ्या बाई घरीच काम करतात. वाराला सोळा औंस भरणारं जाड कापड, आठ वार. प्रत्यक्षात चार वार दुहेरी पन्ह्याचं कापड लांबीत दोन भागांत करून जोडतात आणि जोड निरीच्या आत दडवतात. मला एकदम आजीचं नऊवारी आठवलं. तिथे निऱ्या पुढे आणि रोज नव्याने घालायच्या, इथे मागे आणि हाताने टाके घालून कायमच्या पक्क्या, पण कापड तेवढंच आणि हाताचं कसबही तेवढंच. बाईंनी विचारलं, निऱ्या चौकटीला धरून घालू की रेघेला? चौकटीला धरल्या तर मागूनही टार्टन अखंड दिसतं, रेघेला धरल्या तर एकच रेघ ओळीने येते, ती सैनिकी पद्धत. मी अर्थातच चौकट सांगितली. शिवायला दोन-तीन महिने लागतात, तेव्हा लग्नाची तारीख ठरली की पहिला फोन किल्ट शिवणाऱ्याला करा.

माप हा सगळ्यात नाजूक भाग. किल्ट पँटसारखा कमरेखाली बसत नाही, बेंबीच्या उंचीला बसतो, म्हणून पँटचा नंबर इथे उपयोगाचा नाही. तीन मापं लागतात: बेंबीपाशी कंबर, नितंबाचा सर्वांत रुंद घेर आणि बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत लांबी. माप देणाऱ्याने सरळ समोर बघायचं. दाजींचं माप पुण्यात ताईने घेतलं, मी व्हिडिओ कॉलवर. दाजी दर वेळी खाली वाकून टेप बघायचे आणि लांबी बदलायची. शेवटी ताई ओरडली, "अहो, समोर बघा ना!" मग एकदाचं माप जुळलं. दाजींसाठी ब्लॅक वॉचचा पूर्ण संच भाड्याने घेतला. तेही सैनिकी टार्टन आहे हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, रंग छान आहे, चालेल. प्रत्येकाचं मन सारखं अडत नाही.

कोटाबद्दल माझं मत ठाम आहे. भाड्याच्या दुकानात विचारलं की पहिल्यांदा प्रिन्स चार्ली काढतात: आखूड काळा कोट, तीन बटणांचं वेस्टकोट, बो टाय. सुरेख दिसतो, पण तो संध्याकाळचा पोशाख आहे. आजकाल सगळे भर दुपारी तो घालतात आणि कोणी काही म्हणत नाही. दाजींनी तोच घेतला, आणि त्यांच्या अंगावर तो शोभला. मी मात्र आर्गाइल घेतला: थोडा लांब, पाच बटणांचं वेस्टकोट, साधा लांब टाय. दुपारी चालतो, रात्रीही चालतो. टाय एकरंगी हिरवा घेतला, कारण किल्ट आधीच रेघांनी भरलेला असतो. वेस्टकोट असेल तर पट्टा लावायचा नाही, किल्टला बाजूच्या बकलांचा आधार पुरतो.

स्पोरन म्हणजे समोर साखळीला लटकणारी पिशवी, कारण किल्टला खिसे नसतात. समारंभी प्रकारात सीलचं कातडं किंवा फर असते. ते मला नकोच होतं. साध्या चामड्याचा, गोंड्यांचा घेतला. तो वेस्टकोटच्या खाली साधारण तीन बोटं सोडून बसला पाहिजे. नाचताना तो कमरेच्या बाजूला सरकवायचा, नाहीतर उड्यांबरोबर आपटत राहतो.

मोजे गुडघ्याखाली दोन बोटं, दुमडीखालून फ्लॅशची, म्हणजे मोजे धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांची, रंगीत टोकं बाहेरच्या बाजूला थोडीशीच दिसावीत. भाड्याच्या संचात पांढरे मोजे येतात, मी गडद हिरवे वेगळे घेतले, सगळं चित्रच बदलतं. किल्टचे दोन पदर समोर एकावर एक येतात, पिन फक्त वरच्या पदराला लावायची. दोन्ही पदर एकत्र टोचले तर कापड ओढलं जातं आणि फाटतं. बूट माझेच काळे ब्रोग्ज, म्हणजे भोकांची नक्षी असलेले चामडी बूट, चालले. दाजींना गिली ब्रोग्ज मिळाले, त्यांना जीभ नसते आणि लांब नाड्या पिळून घोट्याभोवती बांधायच्या असतात. लग्नाच्या सकाळी त्या मीच बांधून दिल्या.

स्कीअन डू हा छोटा सुरा उजव्या हाताने काम करणारा उजव्या मोज्यात खोचतो, फक्त मूठ दिसते. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून ब्रिटनच्या कायद्यात त्याला मुभा आहे, पण विमानात तो हातातल्या सामानात चालत नाही. दाजींनी परतताना स्वतःचा एक विकत घेतला, तेव्हा तो चेक-इन बॅगेत आहे ना, हे मी दोनदा विचारलं.

आणि सगळे विचारतात तो प्रश्न: आत काय घालायचं? आतले कपडे घाला. भाड्याच्या दुकानांचीही तीच अपेक्षा असते, आणि ‘स्ट्रिप द विलो’ हा नाच नाचायचा असेल तर दुसरा विचारच करू नका. बसताना मागच्या निऱ्या दोन्ही हातांनी खाली सारून मगच बसायचं. हे मी घरी आठवडाभर जेवणाच्या टेबलापाशी केलं, लग्नात वेगळं लक्ष द्यावं लागलं नाही.

लग्नानंतर किल्ट ड्रायक्लीनला द्यायची घाई केली नाही. ब्रशने झाडला, डाग ओल्या फडक्याने टिपला आणि चिमटे असलेल्या हँगरला निऱ्या सरळ करून टांगला. कसरीसाठी देवदाराचे तुकडे ठेवलेत. प्रवासात न्यायचा तर निऱ्या सैल टाक्यांनी धरून लांबीच्या दिशेने वळकटी करायची, घडी नाही. आता धाकट्या भाच्याला पुढच्या वर्षी मित्राच्या लग्नाला स्टर्लिंगला जायचंय, त्याने परवा फोन करून विचारलं की मामा, मला कोणतं टार्टन? त्याला रजिस्टरचा पत्ता पाठवलाय आणि टेप घेऊन आईसमोर सरळ उभं राहायला सांगितलंय.