एकशे साठ एकर आणि एक अकॉर्डियन

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात राहतो म्हटलं की एक प्रश्न ठरलेला असतो. साताऱ्याहून, पुण्याहून पाहुणे येतात, बिस्मार्कच्या बाहेर पडून तासभर गाडीत बसतात, दोन्ही बाजूंना नुसतं गवत आणि गहू बघतात, आणि विचारतात, "अहो, एवढ्या थंड आणि उघड्या माळावर ही माणसं आलीच कशाला? जमीन फुकट मिळत होती म्हणूनच ना?" फोनवरही हेच. माझा जन्म माणदेशातला, शेतकऱ्याच्या घरातला, त्यामुळे जमिनीबद्दल कुणी असं सहज बोललं की मला गप्प बसवत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो, आणि सांगताना एकच घराणं धरतो. लुडविग आणि ख्रिस्टीना वेल्क या शेतकरी जोडप्याचं. त्यांचं घर बिस्मार्कहून दीड-एक तासावर, स्ट्रासबर्ग गावाजवळ आजही उभं आहे.

आधी जमिनीचा कायदा. २० मे १८६२ रोजी अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो लागू झाला. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या कुणालाही १६० एकर सरकारी जमीन मागता येत होती. अट अशी की माणूस नागरिक तरी असावा, किंवा नागरिक होण्याचा इरादा त्याने लिहून दिलेला असावा. पाच वर्षं त्या जमिनीवर राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची आणि शेवटी दोन साक्षीदार उभे करून हे सगळं सिद्ध करायचं. फी सगळी मिळून अठराएक डॉलर. या कायद्याखाली सुमारे १६ लाख लोकांनी पुरावे पूर्ण करून जमीन नावावर करून घेतली. एकूण जमीन साधारण २७ कोटी एकर, म्हणजे देशाच्या एक दशांश.

इथे पाहुण्यांचा उपप्रश्न येतो, "मग आपली माणसं का नाही आली?" नागरिकत्वाची अट होती ना, तिथेच दार बंद होतं. नागरिक होण्याचा हक्क कायद्याने आधी फक्त गोऱ्यांना होता, १८७० नंतर आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही मिळाला. अमेरिकेत राहणाऱ्या भगतसिंग थिंड या पंजाबी माणसाच्या खटल्यात १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हिंदुस्थानी माणूस या कायद्याच्या अर्थाने गोरा नाही. ते दार उघडायला १९४६ साल उजाडावं लागलं.

आता वेल्क. ही माणसं बोलायची जर्मन, पण आली रशियातून. अठराव्या शतकात सम्राज्ञी कॅथरीनने आणि पुढे १८०४ मध्ये पहिल्या अलेक्झांडरने जर्मन शेतकऱ्यांना बोलावणं धाडलं होतं. काळ्या समुद्राच्या वरच्या अंगाला ओसाड गवताळ प्रदेश पडून होता, तो कसायला माणसं हवी होती. जमीन देऊ, तुमचा धर्म तुम्ही पाळा, गावचा कारभार तुम्हीच बघा, आणि तुमच्या पोरांना सैन्यात भरती करणार नाही, असं वचन दिलं. फ्रान्स-जर्मनी सीमेवरच्या अल्सेस आणि आसपासच्या भागातून, नेपोलियनच्या लढायांनी पिचलेली कुटुंबं निघाली आणि ओडेसाजवळ वसली. त्यांनी गावांना जुनीच नावं दिली: स्ट्रासबर्ग, मानहाइम, बाडेन, एल्सास. त्यांतल्याच झेल्त्स या कॅथलिक गावाशी वेल्क घराण्याचा संबंध आहे.

दोन-तीन पिढ्या गेल्या, कुटुंबं वाढली, जमीन अपुरी पडू लागली. १८७१ मध्ये झारने सवलती काढून घेतल्या आणि १८७४ मध्ये सक्तीची सैन्यभरती त्यांच्याही दारात आली. आजोबांना दिलेलं वचन नातवाच्या वेळी मोडलं. मला वाटतं, "कशाला आले" याचं निम्मं उत्तर इथेच आहे. गवताळ माळ कसा मोडायचा हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, आणि भरवसा ठेवावा असं सरकार आता मागे उरलं नव्हतं. १८७३ पासून त्यांचे जथे डकोटात येऊ लागले. लुडविग आणि ख्रिस्टीना १८९२ मध्ये आले. नव्या गावाचं नाव पुन्हा स्ट्रासबर्ग. फ्रान्सच्या सीमेवरून काळ्या समुद्राकाठी आणि तिथून डकोटात, एका गावाचं नाव तीन ठिकाणी नेणाऱ्या माणसांना "फुकटाच्या लोभाने आले" म्हणणं मला सहन होत नाही.

रशियात ही माणसं गावात राहायची. घरं एका ओळीत, मध्ये रस्ता, एका टोकाला चर्च, आणि शेतं गावाबाहेर. आपलं गावठाण आणि शिवार असतं तसंच. अमेरिकेचा कायदा मात्र म्हणत होता की राहायचं ते आपल्या १६० एकरांतच. जमिनीची मोजणी मैलामैलाच्या चौकोनांत झालेली, एका चौकोनात चार दावेदार. म्हणजे शेजारच्या घरी जायला अर्धा मैल, कधी मैल-दोन मैल चालायचं, आणि हिवाळ्यात तेही नाही. उणे तीस अंशांत, वाऱ्यात, जिला आईशी, जावेशी, शेजारणीशी रोज बोलायची सवय होती ती बाई महिनोन्‌महिने चार भिंतींत राहिली. थंडीबद्दल पाहुणे बरंच विचारतात, या एकटेपणाबद्दल कुणी विचारत नाही. मला तर वाटतं, त्यांनी दिलेल्या किमतीत सर्वांत मोठा आकडा तोच होता.

पहिला हिवाळा वेल्क कुटुंबाने उलट्या केलेल्या गाडीवर गवताळ मातीचे थर रचून, तिच्या आत काढला असं सांगतात. पुढे घर बांधलं ते मातीचं. या माळावर लाकूड नाही, झाड म्हणाल तर नदीकाठीच. काळ्या समुद्राकाठची विद्या इथे कामाला आली. चिकणमातीत गवत-काड कालवायचं, पाणी घालून तुडवायचं, साच्यात घालून विटा पाडायच्या आणि उन्हात वाळवायच्या. वेल्कांच्या घराला पुढे बाहेरून पांढऱ्या फळ्या मारल्या, त्यामुळे लांबून ते साधं लाकडी घर वाटतं. आतली भिंत मात्र त्याच मातीची, चांगली जाड.

जळणाचाही तोच प्रश्न. ही मंडळी गोठ्यातलं शेण आणि काड एकत्र तुडवून त्याच्या विटा कापायची, वाळवून रचून ठेवायची. त्याला मिस्ट म्हणायचे. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा परसात गोवऱ्यांचा हुडवा रचणारी माझी आजीच डोळ्यांपुढे आली. डकोटाच्या हिवाळ्यात घर उबदार ठेवणारं, भाकर भाजणारं इंधन हेच होतं, आणि ते तयार करण्यात बायकापोरांचा हात मोठा असायचा.

पाच वर्षांनी जमीन नावावर करताना जो जबाब लिहिला जायचा, तशा जबाबांच्या नकला मी वाचल्या आहेत. अशा फायली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि मागितल्या की मिळतात. घर केवढं, विहीर किती खोल, किती एकर नांगरली, कोणतं पीक काढलं, कुटुंबात माणसं किती, सगळं विचारलेलं असतं. विटा कुणी पाडल्या, शेण कुणी तुडवलं, याला रकाना नाही. विधवा किंवा अविवाहित बाईला स्वतःच्या नावावर दावा करता यायचा, पण नवरा असलेल्या बाईला सहसा नाही. आपल्या सातबाऱ्यावर शेतात राबणाऱ्या बाईचं नाव किती वेळा असतं हे आठवून मी त्या फायली वाचतो.

पाऊस हा आणखी एक भाग. स्ट्रासबर्ग शंभराव्या रेखांशाला लागून, किंचित पश्चिमेला आहे. जॉन वेस्ली पॉवेल नावाच्या भूवैज्ञानिकाने १८७८ च्या अहवालात अमेरिकी सरकारला स्पष्ट सांगितलं होतं की साधारण या रेषेच्या पलीकडे वर्षाला वीस इंचांहून कमी पाऊस पडतो, तिथे नुसत्या पावसावर १६० एकरांत कुटुंब तगणार नाही. गुरं पाळून राहायचं तर २,५६० एकर द्या, असं त्याचं म्हणणं. सरकारने ऐकलं नाही. वीस इंच म्हणजे पाचशे मिलिमीटर, माझ्या माणदेशातल्या पावसाच्या आसपासचा आकडा. एक चांगलं साल, दोन बरी, दोन कोरडी अशा हिशेबात आयुष्य काढणं काय असतं ते मला कुणी समजावून सांगायला नको. पूर्वेकडच्या ओल्या प्रदेशासाठी केलेलं माप त्यांनी कोरड्या माळावर लावलं आणि त्याची शिक्षा शेतकऱ्याने भोगली.

या मातीच्या घरात ११ मार्च १९०३ रोजी सहावं मूल जन्मलं. लॉरेन्स. पुढे अमेरिकेत घराघरांत पोचलेला वादक आणि बँडमास्टर लॉरेन्स वेल्क तो हाच. आठ भावंडं, घरात जर्मन बोलणं. चौथीत शाळा सुटली आणि तो शेतावर लागला. अकराच्या सुमारास अपेंडिक्स फुटून जिवावर बेतलं आणि कित्येक महिने त्याला घरात पडून राहावं लागलं. बापाची जुनी अकॉर्डियन घरात होती. तिच्यावर त्याची बोटं बसली आणि पोराने ठरवलं की आपण वाजवायचं.

सतराव्या वर्षी त्याने बापाकडे टपालाने येणारी चांगली अकॉर्डियन मागितली. किंमत ४०० डॉलर. जमिनीची फी अठरा डॉलर होती, हे लक्षात ठेवा. लुडविगने ती घेऊन दिली, पण अटीवर. एकविसावं वर्ष पूर्ण होईपर्यंत लॉरेन्सने शेतावर राबायचं, आणि या काळात बाहेर वाजवून किंवा मजुरी करून जे मिळेल ते घरात द्यायचं.

हा करार मी कितीतरी वेळा मनात उलटसुलट करून पाहिला आहे. काही लोक बापाला कठोर म्हणतात. मला तसं वाटत नाही. सरकारने लुडविगला सांगितलं होतं, पाच वर्षं राब, मग जमीन तुझी. लुडविगने पोराला सांगितलं, चार वर्षं राब, मग वाद्य तुझं आणि तूही मोकळा. त्याला न्याय या एकाच रूपात भेटला होता. ठरलेली मुदत, घामाने फेड, आणि शेवटी कुणी परत मागणार नाही असा हक्क. झारने दिलेलं वचन मोडलं होतं, इथल्या सरकारने पाळलं, आणि बापानेही पाळलं. ११ मार्च १९२४ रोजी, एकविसाव्या वाढदिवसाला, लॉरेन्स घरातून निघाला. इंग्रजी त्याला धड येत नव्हतं. १९२७ मध्ये तो साउथ डकोटातल्या यँक्टनच्या रेडिओवर वाजवू लागला. १९५५ पासून देशभर दिसणारा त्याचा टीव्ही कार्यक्रम १९८२ पर्यंत चालला, आणि बोलण्यातला जर्मन हेल शेवटपर्यंत गेला नाही. मी स्वतः पेटी वाजवतो. भात्याने हवा भरायची आणि पत्त्या बोलवायच्या, दोन्ही वाद्यांचं तत्त्व एकच. त्यामुळे चारशे डॉलर देणाऱ्या त्या शेतकऱ्याबद्दल मला जास्तच माया वाटते.

पण एवढ्यावर गोष्ट थांबवली तर ती खोटी होईल. ही जमीन सरकारकडे आली कुठून? स्ट्रासबर्ग आहे एमन्स काउंटीत, मिसूरी नदीच्या पूर्वेला. समोरच्या काठावर स्टँडिंग रॉक, लाकोटा आणि डकोटा या मूळ रहिवाशांसाठी राखून ठेवलेली जमीन. हा सगळा मुलूख, दोन्ही काठ, त्यांच्या वावराचा. १८८९ मध्ये, नॉर्थ डकोटा राज्य झालं त्याच वर्षी, सू लोकांची, म्हणजे याच लाकोटा-डकोटांची, मोठी राखीव जागा तोडून तुकडे केले. १५ डिसेंबर १८९० रोजी स्टँडिंग रॉकवर लाकोटांचे पुढारी सिटिंग बुल यांना अटक करायला गेलेल्या पोलिसांनी त्यांना ठार मारलं. दोनच आठवड्यांनी, दक्षिणेला वूंडेड नी या ठिकाणी सैन्याने शेकडो लाकोटा मारले, त्यांत बायका आणि मुलंही होती. त्यानंतर दोन वर्षांनी वेल्क कुटुंब आलं. १८८७ च्या डॉज कायद्याने मूळ रहिवाशांची सामाईक जमीन मोडून दर कुटुंबप्रमुखाला नेमून दिले तेही १६० एकर, आणि वाटप करून उरलेली जमीन बाहेरच्यांना खुली झाली. एकाला जे माप देणगी म्हणून मिळालं, त्याच मापाने दुसऱ्याचं होतं ते कापून घेतलं.

लुडविगला यातलं किती ठाऊक होतं, यावर मी निवाडा करत नाही. सैन्यभरतीतून पोरं वाचवायला निघालेला माणूस होता तो. पण ज्या सरकारने त्याला दिलेलं वचन पाळलं, त्याच सरकारने नदीपलीकडच्यांना दिलेली वचनं मोडली होती, आणि एक पाळता यावं यासाठी दुसरं मोडलं होतं. पाहुण्यांना मी हे सांगतो तेव्हा काहींना ते आवडत नाही. तरी सांगतो.

पुढचं थोडक्यात. पॉवेलचं खरं ठरलं. १९३० च्या दशकातल्या दुष्काळात आणि धुळीच्या वादळांत पुष्कळांनी शेतं सोडली, पुढे ट्रॅक्टर आले, एकेक शेत शेजाऱ्याने घेतलं. आज इथे शेती करणारं कुटुंब हजारो एकर कसतं. १९३० मध्ये एमन्स काउंटीत बारा हजारांवर माणसं होती, २०२० मध्ये साडेतीन हजारही नव्हती. राहिले आहेत त्यांचे लोखंडी क्रूस, गावच्या लोहारांनी घडवलेले, दफनभूमीत वाऱ्याला तोंड देत उभे. क्नेफ्लाचं सूप आहे, कणकेच्या छोट्या गोळ्यांचं, इथल्या कोणत्याही साध्या खानावळीत मिळतं. आणि वेल्कांचं घर आहे. ते आता राज्य सरकारकडे आहे आणि उन्हाळ्यात बघता येतं.

तेव्हा याल तर उन्हाळ्यात या, आणि दोन दिवस हाताशी ठेवून या. एक दिवस स्ट्रासबर्गला, एक दिवस समोरच्या काठावर, स्टँडिंग रॉकमधल्या फोर्ट येट्स गावाला. नकाशावर दोन्ही जागा जवळ दिसतात, पण मध्ये धरणाचं पाणी पसरलंय आणि तिथे पूल नाही. बिस्मार्कला वर जाऊन किंवा खाली साउथ डकोटातल्या मोब्रिजवरून वळसा घालावा लागतो. गाडी मी चालवीन.