नियम 1983 सालीच गेला

वसईतल्या एका चर्चमध्ये मी धर्मगुरू आहे. त्या दिवशी सकाळची मिस्सा, म्हणजे आमची मुख्य सामुदायिक उपासना, आटोपली आणि एक गृहस्थ ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. त्यांच्या तरुण मुलाने आदल्या रात्री जीव दिला होता. पोस्टमॉर्टेम होऊन पेटी दुपारी घरी यायची होती.

"मिस्सा नको, फादर. घंटाही वाजवू नका. अंधार पडल्यावर कोपऱ्यात जागा द्या, आम्ही घरचीच माणसं उरकून घेऊ."

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आमच्याकडे शिकवावं लागत नाही. कॅथलिक चर्चच्या 1917 च्या कायद्यात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारलेला होता. त्यातही मरण्यापूर्वी पश्चात्तापाची खूण दिसली तर सूट होती, शंका असल्यास बिशपांना विचारायचं होतं. लोकांनी लक्षात ठेवली ती मनाई. 1983 च्या कायद्याने दफनविधी नाकारण्याच्या कारणांतून आत्महत्या काढून टाकली. 1992 च्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात तर मनाच्या भयंकर यातनेत माणसाची जबाबदारी कमी होते, अशांच्या तारणाची आशा सोडू नये, असं आहे. कायदा निवळला, धाक मात्र घराघरांत तसाच.

"चार वाजता मिस्सा," मी म्हटलं. "घंटा नेहमीसारखी."

घंटा ऐकून ऐंशीच्या घरातले एक काका तरातरा आले. पॅरिश कौन्सिलवर, म्हणजे चर्चच्या सल्लागार मंडळावर, अनेक वर्षं काढलेले, शिस्तीचे पक्के. "अशाने उद्या पोरांना कसली भीती राहील?" मी 1983 काढलं. "कायदा मला सांगू नका, फादर. मी तो बघितलाय."

आणि मग ते बसले. त्यांच्या मोठ्या भावाला कुंपणालगत पुरलं होतं, प्रार्थनेशिवाय. पुढच्या बाकावर बसणारी आई त्यानंतर मरेपर्यंत शेवटच्या बाकावर बसली. "ह्याला मिळतं, मग त्याला का नाही?"

बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बाप घराबाहेर दोनदा येतो. एकदा परतलेल्या धाकट्यासाठी आणि एकदा रुसून बसलेल्या थोरल्यासाठी. दुसरं येणं आम्ही प्रवचनात अर्ध्या वाक्यात गुंडाळतो. काकांना उत्तर काय देणार? "चुकलंच ते," एवढंच म्हणालो. चर्चच्या वतीने असं म्हणायला मला कुणी नेमलेलं नाही, पण समोर मीच होतो.

चार वाजता चर्च भरलं. पेटीवर पवित्र पाणी शिंपडताना बापाचा हात झाकणावरून निघेना, मी त्याच्या बोटांवरूनच शिंपडलं. मुलगा कसा गेला याबद्दल प्रवचनात अवाक्षर काढलं नाही. तो उत्तम फुटबॉल खेळायचा, ते सांगितलं.

दफन झाल्यावर काका पुन्हा ऑफिसात आले. इतक्या वर्षांनी भावासाठी मिस्सा चालेल का, म्हणाले. कधीही चालते. क्लार्कने वही उघडून मंगळवारची सकाळ मोकळी असल्याचं सांगितलं.

"मंगळवार नको," काका म्हणाले. "रविवारची द्या, सगळे असतात तेव्हाची. आणि नाव आडनावासकट वाचा."